दोन बोटांवर थांबलेली मूठ

मुकादम सर,

परवा तुमच्या घरी गेले. भाभींनी दार उघडलं, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आलीस? पन आता भांडशील कोनाशी?" मग आम्ही दोघी दारातच रडलो. चहा झाला. भाभींनी नेहमीसारखी खारी पुढे केली आणि मी नेहमीसारखी तुमच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसले. खुर्चीवर कुणी बसत नाही अजून. कुणी ती हलवतही नाही.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. वर्गातली मोठी मुलं तुमच्या गावापर्यंत गेली. त्यांनी खांदा दिला, माती दिली. मी इथे बायकांमध्ये बसले होते. शेजारणी हळू आवाजात कुराण पढत होत्या. मला त्यातलं काही येत नव्हतं, म्हणून मी कपाटावरच्या शील्डांकडे बघत बसले. भाभींनी माझा हात धरला होता, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

लोकांना वाटायचं, आपलं पटत नाही. एकाच हॉलमध्ये दोन वर्ग आणि दोन मास्तर, रोजचं कोर्ट, असं सोसायटीचे सेक्रेटरी हसून म्हणायचे. पण सर, भांडण एकच होतं. कराटे खेळ म्हणून शिकवायचं, की रस्त्यावर जीव वाचवायला? तुम्ही पहिलं म्हणायचात, मी दुसरं. आणि गंमत अशी की पहिल्या दिवशी हे भांडण तुम्हीच सुरू केलंत.

मी पंधरा वर्षांची होते. गिरगावातली खोली सोडून आम्ही बेलापूरला फ्लॅटमध्ये आलो होतो. स्टेशन अजून व्हायचं होतं. निम्म्या इमारती अर्धवट, रस्त्यांना दिवे नाहीत, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचं गवत. मी शाळेतून घरी येईपर्यंत आईच्या जिवात जीव नसायचा. म्हणून बाबा मला तुमच्याकडे घेऊन आले. तुम्ही तुर्भ्याच्या कंपनीत स्टोअरकीपर. ड्युटीवरून सुटून थेट हॉलवर आला होतात, हातात जेवणाचा रिकामा डबा.

"साहेब, हिला सेल्फ-डिफेन्स शिकवा," बाबा म्हणाले.

"ते मला येत नाय," तुम्ही म्हणालात. "मला कराटे येतं. खेळ हाय तो. त्याला रेषा असतात, रेफ्री असतो. पोरगी चपळ होईल, दम वाढेल, मान वर करून चालेल. रस्त्याची गॅरंटी मी देत नाय."

जिना उतरताना बाबा म्हणाले, "माणूस खोटं बोलत नाही. इथेच ये तू."

आणि मी आले. तुमच्या वर्गात पहिले सहा महिने फक्त पाय हलवायचे. मग मूठ. मूठ कशी मारायची याच्या दुप्पट वेळ ती कशी थांबवायची यात जायचा. समोरच्याच्या छातीपर्यंत, नाकापर्यंत पूर्ण वेगाने जायचं आणि लागायच्या आत थांबायचं. "कपडा हलला पायजे, कातडी नाय," हे तुमचं वाक्य. आम्ही मुली तुमच्या मागे तुमची नक्कल करायचो. तुम्हाला माहीत होतं. एकदा वळून न बघताच म्हणालात, "नक्कल बरी करतेस, पंच वाईट मारतेस."

दुसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या फायनलमध्ये माझी मूठ थांबली नाही. समोरच्या मुलीचा ओठ फुटला. रेफ्रीनं मला बाद केलं. मी रडत तुमच्याकडे आले, आता पाठीवर हात ठेवाल म्हणून. तुम्ही माझ्या हातात बर्फाची पिशवी दिलीत.

"जा. तिच्या ओठावर धर. सूज उतरेपर्यंत उठू नको."

अर्धा तास मी त्या अनोळखी मुलीसमोर गुडघ्यांवर बसले होते. आधी ती माझ्याकडे बघेना. मग फुगलेल्या ओठानं म्हणाली, "तुझा पंच दिसलाच नाही गं मला." आम्ही दोघी हसलो आणि तिचा ओठ पुन्हा वाहायला लागला. त्यानंतर स्पर्धेत माझी मूठ कुणाला म्हणजे कुणाला लागली नाही. राज्य स्पर्धेतलं रौप्यपदक मला त्या थांबण्यावरच मिळालं. पदक गळ्यात घालून आले तेव्हा तुम्ही ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलंत आणि भाभींना म्हणालात, "हिला आज मासे खायला घाल. भटाची पोरगी हाय, विचारून घाल." मी विचारायच्या आतच हो म्हटलं होतं.

आता ती संध्याकाळ. तुमच्याशी तिच्याविषयी मी शंभर वेळा भांडले असेन, पण नीट अशी एकदाही बोलले नाही.

मी वीस वर्षांची होते. कॉलेज सांभाळून एका ऑफिसात टायपिंगचं काम करायचे. डिसेंबर, सात वाजता अंधार. स्टॉपवर उतरून नाल्याच्या कडेच्या रस्त्यानं घरी चालले होते. मागून पावलं ऐकू येत होती, पण वळून बघायची लाज वाटली. उगाच कुणावर संशय कशाला, असं वाटलं. तेवढ्यात त्यानं माझा दंड धरला. मी वळले. पाय आपोआप जागेवर आले, कंबर फिरली, उजवा हात सुटला. इतका सुंदर पंच मी कुठल्या स्पर्धेतही मारला नव्हता. आणि माझी मूठ त्याच्या नाकासमोर दोन बोटांवर थांबली.

थांबली, सर. तो मुठीकडे बघत होता, मीही बघत होते. "यामे" म्हणून खेळ थांबवणारा रेफ्री तिथे नव्हता. तो हसला. मग त्यानं माझ्या कानाखाली मारली आणि मला नाल्याच्या कठड्यावर ढकललं. मी ओरडलेसुद्धा नाही. ओरडल्या त्या हिराबाई. दिवाळे गावच्या कोळीण, आमच्या सेक्टरमध्ये दारोदार मासळी विकायच्या, रिकामी पाटी डोक्यावर घेऊन परत निघाल्या होत्या. "कोन हाय रं त्यो मेला! धरा रं त्याला!" असा आवाज, की समोरच्या अर्धवट इमारतीतले वॉचमन, सुतार, सगळे बाहेर आले. हिराबाईंनी पाटी भिरकावली. ती लागली नाही, पण तो पळाला.

मी घरी गेले नाही. कोपरात खडी रुतलेली, कान वाजतोय, तशी हॉलवर आले. तुम्ही लहान मुलांना ओळीत उभं केलं होतं. त्या सगळ्यांसमोर मी ओरडले, "माझी मूठ थांबली! तुम्ही थांबवलीत ती! पाच वर्षं तुम्ही मला हेच शिकवलंत!"

तुम्ही मुलांना घरी पाठवलंत. बादलीत पाणी आणून माझं कोपर धुतलंत, एकेक खडा काढलात. मग माझ्याबरोबर घरापर्यंत आलात आणि बाबांसमोर उभे राहून म्हणालात, "मी गॅरंटी दिली नव्हती, साहेब. तरी चूक माझी हाय."

बाबांनी तुम्हाला बसायला सांगितलं. तुम्ही बसला नाहीत.

मी तुमचा वर्ग सोडला. वाशीला एकानं "फक्त खरं सेल्फ-डिफेन्स, खेळ नाही" अशी पाटी लावली होती, तिथे जायला लागले. तिथे सगळं फटाफट जमायचं. मनगट सोडवा, बोटं डोळ्यांत घाला, चाकू काढून घ्या. जोडीदाराला हात लावला की तो धाडकन पडायचा. दोन महिन्यांत सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन मी मुद्दाम तुमच्याकडे आले. तुम्ही ते शांतपणे वाचलंत आणि मला परत दिलंत.

"मनगट सोडवता येतं तुला?"

"येतं."

तुम्ही माझं मनगट धरलंत. नुसतं धरलंत, पण खरं धरलंत. मी वळवलं, ओढलं, शिकवलं होतं ते सगळं केलं. सुटेना. मग तुम्ही मुलांच्या कंपासमधून लाल स्केचपेन घेतलंत. "हा चाकू. काढून घे." दहा-पंधरा सेकंद झाले असतील. माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर लाल रेघा मोजवत नव्हत्या. पोटावर, मनगटावर, एक मानेवर.

"त्यानं तुला पहिली गोष्ट शिकवली नाय? पळ म्हनून?"

मी रडायला लागले. तुम्ही पेनचं टोपण लावलंत आणि जमिनीवर माझ्यासमोर मांडी घालून बसलात.

"हे बघ बेटा. तिथे समोरचा मानूस तुझ्या बाजूचा असतो. पडायचं ठरवून आलेला. खेळात समोरचा तुला हरवायला येतो. खरा विरोध तिथंच मिळतो."

"पण खेळात थांबायला शिकवतात."

"ते बी खरं."

त्या दिवशी आपण दोघंही तिथेच अडकलो. तुम्ही जिंकला नाहीत, मीही नाही. मी कुर्ता धुतला, पण रेघा पूर्ण गेल्या नाहीत. आईनं तो पुसणं म्हणून वापरला.

दोन रविवारांनी तुम्ही निरोप पाठवलात, सकाळी हॉलवर ये. आले तर ओळखू येईना. डोक्याला मोटरसायकलचं जुनं हेल्मेट, जाळी बसवलेलं. अंगाला कंपनीच्या भंगारातला फोम, मॅनेजरला विचारून आणलेला, गोणपाटात शिवलेला. ते शिवण भाभींचं होतं. बावन्न वर्षांचा माणूस गादीसारखा फुगून दारात उभा.

"आता मी तुला धरनार. सोडनार नाय. तू थांबायचं नाय."

तुम्ही धरलंत. मी वळले, मूठ सुटली आणि हेल्मेटसमोर थांबली. "परत." परत थांबली. सात वेळा, सर. सातव्या वेळी मी खाली बसले आणि म्हटलं, "नाही होणार माझ्याच्यानं, तुम्ही आहात आत." तुम्ही हेल्मेटच्या आतून म्हणालात, "मी आत हाय म्हनूनच सांगतो. मला काय होत नाय. ऊठ."

आठव्या वेळी लागली. असा आवाज झाला की मी दोन्ही हात तोंडावर घेतले. तुम्ही भिंतीपर्यंत गेलात, घसरून खाली बसलात आणि आतून ओरडायला लागलात, "आली! आली! अगं आली की!" हेल्मेट काढलंत तेव्हा हिरडीतून थोडं रक्त येत होतं आणि तुम्ही लहान मुलासारखे हसत होतात. मी बर्फ शोधत पळाले.

तिथून आपला रविवारचा बायकांचा वर्ग सुरू झाला. आधी मी आणि दोन मैत्रिणी. मग बिल्डिंगमधल्या आया, शाळेच्या दोन बाई, तिसऱ्या मजल्यावरच्या पासष्ट वर्षांच्या आजी, ज्या फक्त बघायला यायच्या आणि मग एक दिवस चप्पल काढून ओळीत उभ्या राहिल्या. गोणपाट घालून धरणारे तुम्ही एकटेच. मी म्हटलं, ओरडणं शिकवायला हवं, आमच्या तोंडून आवाजच निघत नाही. तुम्ही म्हणालात, ते मलाही येत नाय. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दिवाळ्याला जाऊन हिराबाईंना घेऊन आलात.

हिराबाईंनी ओळीत उभ्या असलेल्या वीस बायकांकडे बघितलं. पहिली ओरडली ती मांजरासारखी. हिराबाई म्हणाल्या, "यो काय आवाज हाय? तुमी त्याला चा प्यायला बोलवताय का?" सगळ्या हसल्या. "लाज कोनाला वाटायला पायजे? तुला का त्याला? मग तोंड उघड." त्या सकाळी आम्ही इतक्या ओरडलो की सेक्रेटरी धावत वर आले. तुम्ही त्यांना दारातच अडवून सांगितलंत, "अभ्यास चाललाय."

इतकं सगळं केलंत तरी तुमचा हट्ट सुटला नाही. संध्याकाळच्या वर्गात खेळच. रेषा, रेफ्री, थांबलेली मूठ. रविवारच्या बायकांनीसुद्धा महिन्यातून एकदा एकमेकींशी फाइट केलीच पाहिजे, असं तुमचं म्हणणं. मी म्हणायचे, कशाला? तुम्ही म्हणायचात, अनोळखी मानसासमोर उभं राहायची सवय. मी म्हणायचे, थांबायची सवय. तीन वर्षं हेच, चहा थंड होईपर्यंत.

शेवटचं भांडण तन्वीवरून झालं. तेरा वर्षांची, शब्द न बोलणारी, वर न बघणारी मुलगी. रिक्षावाल्याच्या त्रासानंतर आईनं आणलेली. मला ती फक्त रविवारी हवी होती. तुम्ही तिचं नाव स्पर्धेला दिलंत. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला शील्डं हवी आहेत, सर. मुली नको आहेत."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "आज दमलीस तू," एवढंच म्हणालात आणि पॅड गोळा करायला वाकलात. मी मदतसुद्धा केली नाही. सॉरी उद्या म्हणू, असं ठरवून निघाले. मग ऑफिसात काम होतं. मग पाऊण आठवडा गेला. आणि शुक्रवारी सकाळी कामावर निघताना बूट घालायला बसलात ते उठलाच नाहीत.

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं, सर. तीन वर्षं दर रविवारी आम्ही वीस बायकांनी तुमच्या छातीवर मारलं होतं, त्यानं काही झालं का? ते नाही म्हणाले. माझा विश्वास बसला नाही, म्हणून भाभींना विचारलं. त्या माझ्यावर चिडल्या. "येडी हायस काय? त्याचा बाप असाच गेला, चाचा असाच गेला. रविवारी तो घरी यायचा ना, तेवाच जेवायचा पोटभर. 'आज तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला पाडलं,' असं सांगत हसत बसायचा."

आता जे कधीच बोलले नाही ते लिहिते.

त्या डिसेंबरच्या संध्याकाळी माझी मूठ तुमच्या शिकवण्यानं थांबली की माझ्या भीतीनं, हे मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. कदाचित मी कराटे शिकलेच नसते तरी हात तिथेच गोठला असता. माझा आवाजही फुटला नव्हता, आणि आवाज काही तुम्ही थांबवायला शिकवला नव्हता. पण हॉलवर येईपर्यंतच्या दहा मिनिटांत मी ठरवून टाकलं की दोष तुमचा. मी घाबरले, असं स्वतःला सांगण्यापेक्षा तुमच्यावर ओरडणं सोपं होतं. आणि तुम्ही तो दोष घेतलात. एकदाही म्हणाला नाहीत की पोरी, तू घाबरली असशील. तुम्हाला कळत नसेल असं नाही. जो माणूस पाठमोरा असताना आमची नक्कल ओळखायचा, त्याला हे कळलंच असणार. तरी तुम्ही तीन वर्षं गोणपाट घालून माझ्यासमोर उभे राहिलात. मी हे तुम्हाला सांगायला हवं होतं. मग तुम्ही काय म्हणाला असता, तेही मला ऐकायचं होतं.

गेल्या रविवारी स्पर्धा होती. तन्वीचं नाव काढून घ्यावं, असं मनात होतं. पण फॉर्मवर तुमचं अक्षर होतं आणि तन्वी सकाळी सहा वाजता ड्रेस घालून आमच्या दारात उभी होती. मी तिला घेऊन गेले. तिच्यासमोर आलेली मुलगी तिच्याहून डोकंभर उंच, आवाज करत अंगावर येणारी. पहिल्याच पंचाला तन्वी मागे सरकली. मला वाटलं, आता ही रेषेबाहेर पळणार. सर, मी जवळजवळ उठून तिला बाहेर ओढणार होते. ती पळाली नाही. बाजूला सरकली, परत आत आली, एक गुण घेतला. मग हरली, तीन-एक. वाकून नमस्कार केला, समोरच्या मुलीशी हात मिळवला आणि धापा टाकत माझ्याकडे आली.

"ताई, ती खरंच मारायला येत होती."

"मग? घाबरलीस?"

"घाबरले ना. खूप." तिनं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. "पण पाय हलत होते."

मी तिला जवळ घेतलं, आणि माझं तोंड तिला दिसू नये म्हणून बराच वेळ सोडलं नाही. खेळानं सगळं होतं असं मी अजूनही म्हणणार नाही. रविवारचा वर्ग चालू राहील. गोणपाट कोण घालणार ते बघायचंय, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी स्वतः घालायला निघाल्या होत्या, त्यांना कसंबसं आवरलं. पण संध्याकाळचा वर्गही चालू राहील, रेषांसकट, आणि तो मी घेईन.

परत येताना बसमध्ये तन्वी खिडकीशी बसली होती. वाशी गेलं, नेरूळ गेलं. बेलापूर जवळ आल्यावर म्हणाली, "ताई, पुढच्या स्पर्धेला माझं नाव द्याल ना?"

मी हो म्हटलं, सर.